मुंबईला असतो म्हणजे कुठं असतो?

(नांदेड जिल्ह्यातल्या हदगाव येथे गुरुजींच्या स्मृतिदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथं जमतो, त्या गुरुजींनी मला सातवीत भूगोल शिकवला. नकाशावर बोट ठेवून ते नुसतं गावाचं नाव विचारायचे नाहीत. "या गावाला पाणी कुठून येतं आणि इथली घाण कुठं जाते, ते सांग," म्हणायचे. पुढं नोकरीची एकतीस वर्षं मी मुंबईकडच्या एका महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात काढली. गुरुजींचा हा प्रश्न त्या सगळ्या वर्षांत रोज माझ्या टेबलावर होता. म्हणून आज त्याच प्रश्नावर बोलणार आहे. विषय आहे मुंबई आणि तिच्या शेजारची शहरं.

हा विषय हदगावात कशाला, असं कुणाच्या मनात येईल. तर आधी आपल्याच गल्लीतून सुरुवात करू. आपल्याकडं कोणत्याही घरी विचारा, धाकटा काय करतो? उत्तर येतं, "मुंबईला असतो." मुंबईत कुठं? मग नावं निघतात. दिवा, कळवा, नालासोपारा, उल्हासनगर, घणसोली, बदलापूर. यातलं एकही गाव मुंबईत नाही. दिवा आणि कळवा ठाण्याच्या महापालिकेत, नालासोपारा वसई-विरारच्या, घणसोली नवी मुंबईच्या. उल्हासनगरला स्वतःची महापालिका आहे आणि बदलापूरला नगरपरिषद. आपल्या पोरांतली कित्येक पंधरा-पंधरा वर्षं "मुंबईला" आहेत, पण मुंबईच्या हद्दीत एक रात्रही झोपलेली नाहीत. ती मुंबईत कामाला जातात आणि दुसऱ्या शहरात राहतात. पाणीपट्टी एकीकडं, घाम दुसरीकडं.

मी स्वतः असाच गेलो. हदगावला रेल्वे नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाची आपण अजून वाट पाहतोय. हिमायतनगरला नंदीग्राम एक्स्प्रेस धरायची, रात्रभर बसायचं आणि कल्याणला उतरायचं. आपल्या बाजूची माणसं मुंबईचं तिकीट काढूनही कल्याणलाच उतरतात, हे तुम्हाला माहीत आहे. अजून नीट उजाडलेलं नसतं. पोत्यात ज्वारी, पिशवीत आईनं दिलेली घरची हळद आणि लसणाची चटणी. पूल चढून पलीकडच्या फलाटावर यायचं, तर तिथं लोकलसाठी माणसांची भिंत उभी. पहिल्या दिवशी मी एका माणसाला विचारलं, "मुंबई किती लांब?" तो म्हणाला, "तासभर. पण तुम्हाला राहायचंय कुठं?" राहणं आणि काम या दोन वेगळ्या गावच्या गोष्टी असतात, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं.

आता थोडा इतिहास सांगतो, कारण या शेजाऱ्यांमध्ये वडील कोण, याचा घोळ झालेला आहे. आज आपण मुंबईला थोरली मानतो. जुन्या शेजाऱ्यांमध्ये वयानं ती सगळ्यांत धाकटी. सोपाऱ्याला सम्राट अशोकाचा शिलालेख सापडला आहे. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तो उजेडात आणला. कल्याण सातवाहनांच्या काळातलं बंदर, कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्या कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. ठाणं म्हणजे शिलाहारांचं श्रीस्थानक. वसई पोर्तुगिजांनी १५३४ साली घेतली आणि १७३९ साली चिमाजीअप्पांनी सोडवली. त्या काळात मुंबई म्हणजे खाडीनं तोडलेली सात बेटं. पोर्तुगालच्या राजानं ती १६६१ च्या लग्नकरारात इंग्रजांच्या राजाला दिली आणि त्यानं १६६८ साली वर्षाला दहा पौंडांच्या भाड्यानं कंपनीला दिली.

आपल्या मराठवाड्याचंही या बंदरांशी नातं मुंबईच्या आधीचं आहे. पैठण ही सातवाहनांची राजधानी आणि धाराशिव जिल्ह्यातलं तेर, म्हणजे जुनं तगर, ही मोठी बाजारपेठ. घाटमाथ्यावरचा माल जुन्नरवरून नाणेघाटानं कल्याण-सोपाऱ्याकडं उतरायचा. आपल्या पोरांनी कल्याणला उतरणं दोन हजार वर्षं जुनं आहे, असं मी म्हणतो ते यामुळं.

मग मुंबई थोरली कशी झाली? गोदी, गिरण्या आणि रेल्वे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली ती ठाण्याला गेली, चौतीस किलोमीटर. ही गाडी दोन शहरांना जोडणारी होती, हे आपण विसरतो. त्याआधी १८४५ मध्ये माहीमच्या खाडीवर रस्ता झाला. सरकार पैसे देईना, तेव्हा अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि अट घातली, की या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही. पुढं त्याच महानगराच्या पाच नाक्यांवर दोन पिढ्यांनी टोल भरला. मोटारींना तो माफ झाला ऑक्टोबर २०२४ मध्ये. अवाबाईंना जे १८४५ मध्ये समजलं होतं, ते समजायला आम्हाला पावणेदोनशे वर्षं लागली.

आज या पट्ट्यात नऊ महापालिका आहेत: बृहन्मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर, वसई-विरार आणि २०१६ साली झालेली पनवेल. शिवाय नगरपरिषदा आणि शेकडो गावं. प्रत्येकीची जन्मकथा वेगळी. उल्हासनगर म्हणजे फाळणीत सिंधमधून आलेल्या माणसांची लष्करी छावणी. १९४९ साली तिला नाव मिळालं. नवी मुंबईची कल्पना १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी मांडली. ती उभारायला १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या आगरी-कोळी शेतकऱ्यांची जमीन घेतली गेली. मुंबईची गर्दी हलकी करायला हे शहर काढलं. ज्यांच्या जमिनीवर काढलं त्यांना न्याय्य मोबदल्यासाठी रस्त्यावर यावं लागलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण भागात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व आलं. नव्या शहराच्या नावात "मुंबई" आहे, पण त्याची किंमत मुंबईनं मोजलेली नाही.

आता माझ्या खात्याकडं, पाण्याकडं येतो. इथं मी जरा रेंगाळणार आहे.

मुंबईनं १८६० मध्ये विहार तलाव बांधला, १८७९ मध्ये तुळशी. हे तलाव साष्टी बेटावर, म्हणजे तेव्हाच्या मुंबईच्या बाहेर, ठाणे जिल्ह्यात. मग १८९२ मध्ये तानसा, मुंबईपासून सुमारे शंभर किलोमीटरवर. १९५७ मध्ये वैतरणेवर मोडकसागर, महापालिकेचे अभियंता मोडक यांच्या नावावरून. मग अप्पर वैतरणा, भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. शहर वाढलं तसा त्याचा हात लांब होत गेला. आज रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मुंबईला जातं. तानसा-वैतरणेचं पाणी पंपाशिवाय, नुसत्या उतारानं येतं. अभियंता म्हणून सांगतो, हे काम डोळ्यांत पाणी यावं इतकं चोख आहे.

पण यांतले बरेच तलाव ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथं उन्हाळ्यात टँकर लागतात. मे महिन्यात मी एकदा त्या जलवाहिनीच्या कडेनं चालत गेलो होतो. माणूस उभा राहील एवढ्या व्यासाचा काळा नळ, मैलोन्‌मैल. एका व्हॉल्व्हच्या सांध्यातून पाण्याची बारीक धार गळत होती. खाली हंडे रांगेनं मांडलेले, आणि एक बाई वाटीनं पाणी गोळा करून हंड्यात ओतत होती. मी विचारलं, "मावशी, गावात नळ नाही?" ती म्हणाली, "आहे की, हा काय." आणि तिनं त्या जलवाहिनीवर हात ठेवला. मी खात्याचा माणूस. गळती दिसली की कळवायची, हे माझं काम. त्या दिवशी मी कळवली नाही.

मुंबईला पाणी देऊ नये, असं मी म्हणत नाही. तहानलेल्याला पाणी दिलंच पाहिजे. माझं म्हणणं हिशेबाचं आहे. या शहरांमध्ये गरजेचं नातं आहे, हिशेबाचं नाही. नवी मुंबईनं मोरबे धरण स्वतःकडं घेतलं, ती सुखी. ठाणं थोडं मुंबईकडून घेतं, थोडं शहाड-टेमघरच्या योजनेतून, थोडं इकडून तिकडून. कल्याण-उल्हासनगर पट्टा उल्हास नदीवर आणि बारवीवर. वसई-विरार सूर्या प्रकल्पाकडं डोळे लावून. नद्या मोजक्याच, आणि त्यांवर हात ठेवणारे अनेक. मुलुंडच्या चेकनाक्यावर उभे राहा. रस्त्याच्या एका अंगाला मुंबईचा चावीवाला पाणी सोडतो, दुसऱ्या अंगाला ठाण्याचा. इकडच्या बाईच्या नळाला पाणी आलं, की तिकडची खिडकीतून बघते. त्या दोघींच्या घरांत वीस पावलांचं अंतर आहे. मुंबईच्या महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर होतं; ठाण्याचं त्याच्या दहाव्या भागाइतकंही नव्हतं. फरक त्या वीस पावलांत आहे.

हे ऐकताना २०१६ चा उन्हाळा आठवतो का? लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. १२ एप्रिलला पहिली गाडी, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं रेल्वेनं चार कोटींचं वाहतुकीचं बिल पाठवलं, ६ कोटी २० लाख लिटरचं. पुष्कळांना राग आला. मला मात्र त्यात एक गोष्ट मोलाची वाटली: किती पाणी आलं ते लिटरपर्यंत सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालं. आता हा आकडा मुंबईच्या रोजच्या आकड्याशेजारी ठेवा. ज्या पाण्यासाठी गाड्यामागून गाड्या धावल्या, तेवढं पाणी मुंबईला पंचवीस मिनिटंही पुरत नाही. शहापूरहून सव्वाशेहून जास्त वर्षांत किती गेलं आणि शहापूरला किती परत मिळालं, याचा असा तक्ता कुणी चौकात लावल्याचं मी पाहिलं नाही.

पाणी जातं तसा कचरा येतो. मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारला पडू लागला. ठाण्याचा बरीच वर्षं दिव्यात पडला. दिवेकर वासानं आणि धुरानं हैराण झाले, त्यांनी आंदोलनं केली, तेव्हा तो भंडार्लीकडं गेला आणि तिथली गावं रस्त्यावर आली. मुंबईनं शहापूरशी जे केलं ते ठाण्यानं दिव्याशी केलं, आणि दिव्यातनं हटलं ते खेड्यावर गेलं. प्रत्येक थोरल्याला कुणीतरी धाकटा सापडतो. मी ज्या पालिकेत होतो तिथंही हेच चाललं होतं. हद्दीच्या टोकाच्या वस्तीला आठवड्यातून दोन दिवस पाणी द्यायचं आणि कागदावर रोज दाखवायचं. मी त्यावर सही केलेली आहे. तुमच्यासमोर हे लपवून मला गुरुजींच्या नावाच्या व्यासपीठावर उभं राहता येणार नाही.

हद्दीचं राजकारण थोडक्यात सांगतो. अंबरनाथ-बदलापूर कल्याणच्या महापालिकेत गेले आणि बाहेर पडले. कल्याणजवळची २७ गावं बाहेर गेली, २०१५ मध्ये आत आली, २०२० मध्ये त्यांतली १८ पुन्हा बाहेर काढायचं ठरलं, प्रकरण न्यायालयात गेलं. वसईत २००९ साली महापालिका झाली तेव्हा हिरवी गावं जाऊ नयेत म्हणून लोक झगडले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईची चळवळ त्याआधीपासून तेच सांगत होती. या सगळ्यांना मूर्ख म्हणणं सोपं आहे. पण महापालिकेत गेलं की कर आधी येतो आणि नळ नंतर, हे त्या गावांनी शेजारी पाहिलेलं असतं.

नदीला मात्र यातलं काही ठाऊक नसतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईत मिठी फुगली, तिकडं उल्हास फुगली आणि बदलापूर-कल्याण बुडालं. देशभर बातमी गेली "मुंबई बुडाली." पुन्हा जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले. वर डोंगरउतारावर एका पालिकेनं बांधकामाला परवानगी दिली, की खाली दुसऱ्या पालिकेच्या तळमजल्यात पाणी शिरतं. परवानगीची फी वरच्याला मिळते.

लोकलचंही तसंच. ९ जून २०२५ ला दिवा आणि मुंब्र्याच्या दरम्यान दारात लटकलेली माणसं रुळांवर पडली, त्यांतली काही गेली. राहत होती एका शहरात, कामाला चालली होती दुसऱ्या शहरात, आणि गाडी चालवतं दिल्लीचं रेल्वे मंत्रालय. कोणत्या महापौराला जाब विचारायचा? २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत ३३ लाखांवरून ३१ लाखांखाली आली होती, आणि ठाणे जिल्हा १ कोटी १० लाखांवर जाऊन देशात पहिला झाला होता. माणसं बाहेर ढकलली गेली, कामं मात्र आतच राहिली. दारात लटकलेला माणूस त्या दोन आकड्यांच्या मधे लटकलेला आहे.

दुसरीकडं काय करतात? न्यूयॉर्कचं उदाहरण देतो. ब्रुकलिन हे पूर्वी वेगळं, मोठं, मानी शहर होतं. १८९४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सामील व्हायचं का, यावर तिथं मतदान झालं आणि अवघ्या २७७ मतांनी होकार निघाला. पाण्याची टंचाई हे त्या होकाराचं एक कारण होतं. १८९८ पासून ते एक शहर झालं. पण हडसनच्या पलीकडचा किनारा न्यू जर्सी या वेगळ्या राज्यात. तो काही एक होणार नव्हता. तेव्हा १९२१ मध्ये दोन राज्यांनी मिळून बंदरासाठी एक सामाईक संस्था काढली. पुढं पूल, बोगदे, विमानतळ तिनंच सांभाळले. म्हणजे एक व्हायचं की वेगळं राहायचं, हा प्रश्न लोकांपुढं उघड मांडला गेला, आणि वेगळं राहिल्यावरही सामाईक कामाचं टेबल मांडलं गेलं.

आपल्याकडं टेबल नाही असं नाही. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण १९७५ पासून आहे. पूल, मेट्रो, रस्ते ते बांधतं. २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेला २१.८ किलोमीटरचा शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू त्याचंच काम. काम मोठं आहे, मी कमी लेखत नाही. पण तिथं दिव्याचा किंवा शहापूरचा माणूस बसत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीनं महानगर नियोजन समिती सांगितली आहे. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य त्या भागातल्या निवडून आलेल्या प्रतिनिधींनी आपल्यातून निवडायचे. महाराष्ट्रानं १९९९ मध्ये कायदाही केला. पाणी आणि निसर्गसंपत्ती यांची वाटणी ठरवणं हे घटनेनं तिच्याकडं दिलेलं काम आहे. तुमच्यापैकी किती जणांनी या समितीचं नाव ऐकलं आहे? मुंबईतल्या सभेत विचारलं, तरी हात वर होत नाहीत. नवा पूल बांधण्याआधी हे टेबल जागं करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आपल्याकडं वळतो. २००९ मध्ये विभागीय आयुक्तालय नांदेडला द्यायचं ठरलं, तेव्हा लातूरकर रस्त्यावर उतरले. पुढं लातूरची मुंबई गाडी बिदरपर्यंत नेली, तेव्हा पुन्हा. ते चूक आणि आपण बरोबर, असं मी म्हणणार नाही. लातूर-नांदेड एकमेकांकडं बघतात ते मुलुंड-ठाण्यासारखंच. नांदेडच्या महापालिकेच्या नावात वाघाळा आहे. गोदावरीपलीकडच्या वाघाळ्याला, तिथल्या सिडको-हडकोच्या वस्त्यांना नदीअलीकडच्या नांदेडइतकं मिळतं का, हे तिथल्या माणसाला विचारा.

आणि हदगाव? पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचा कालवा आपल्या तालुक्यातून जातो. आपली केळी, हळद, गहू, हरभरा त्यावर. उन्हाळ्यात विष्णुपुरीचं धरण आटलं की इसापूरचं पाणी आसना नदीत सोडतात आणि सांगवीच्या बंधाऱ्यातून ते नांदेड शहरात जातं. जावंच. आपली लेकरं तिथं शिकायला आहेत, दवाखाना तिथं आहे. पण किती सोडलं, किती पोचलं, वाटेत किती मुरलं आणि त्यापायी आपलं कोणतं आवर्तन चुकलं, हे आपण कधी मागून घेतलं आहे का? शहापूरच्या त्या मावशीच्या जागी उद्या आपली सून उभी राहायला नको.

दरवर्षी पावसाळा संपला की कालवा सल्लागार समितीची बैठक होते आणि पाण्याची आवर्तनं तिथं ठरतात. तिथं काय ठरलं, ते आपल्याला पेपरातून कळतं. येत्या बैठकीआधी हदगावातून लेखी मागणी जाऊ द्या, की मागच्या तीन वर्षांत इसापूरचं किती पाणी शेतीला आणि किती शहराला गेलं, याचा तक्ता बैठकीत वाचावा आणि नंतर तो आपल्या नगरपरिषदेच्या फलकावर लावावा. त्या अर्जाचा मसुदा मी लिहून आणला आहे. बाहेर टेबलावर ठेवला आहे. जाताना वाचा, पटला तर सही करून जा.